कोपऱ्यातला दगड

फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागात लॉत नावाची नदी आहे. ती सरळ वाहत नाही. डोंगर आडवा आला की वळसा घालते, एका वळशातून दुसऱ्या वळशात शिरते आणि प्रत्येक वळशाच्या पोटात गाळाची जमीन टाकून पुढे जाते. त्या जमिनीवर द्राक्षांच्या बागा आहेत. काओर हे या खोऱ्यातलं मुख्य शहर. माल्बेक जातीच्या द्राक्षांची तिथली वाइन इतकी गडद, की जुने लोक तिला काळी वाइनच म्हणत.

काओरच्या खालच्या अंगाला, अशाच एका वळशात, एक बागायतदार राहत होता. त्याच्या आजोबांच्या काळात मुळं शोषणाऱ्या फायलोक्सेरा किडीनं सगळं खोरं उजाड केलं होतं. आजोबांनी अमेरिकन खुंटांवर कलमं बांधून बाग पुन्हा उभी केली. वडिलांनी ती वाढवली. नातवानं ती नीटनेटकी केली. त्याच्या बागेत ओळ म्हणजे ओळ असे. एखादी वेल मेली की त्याच वर्षी तो नांगा भरून काढी. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघत आणि म्हणत, या बागेत बोट घालायला जागा नाही. ते ऐकून त्याला बरं वाटे.

1956 साली जानेवारी उबदार गेला. फेब्रुवारीच्या पहिल्याच दिवसांत थंडी कोसळली आणि जवळजवळ महिनाभर हटली नाही. खोऱ्यातल्या बहुतेक सगळ्या बागा त्या एका महिन्यात गेल्या.

थंडी ओसरल्यावर बागायतदार चाकू घेऊन बागेत उतरला. त्यानं पहिल्या वेलीचा डोळा आडवा कापला. आत हिरवा ठिपका दिसायला हवा होता. तपकिरी दिसला. त्यानं खोडाची साल खरवडली. तीही आतून तपकिरी. दुसरी वेल, तिसरी वेल, अख्खी ओळ. संध्याकाळपर्यंत तो कापत राहिला. वरच्या तुकड्यात, दगडी बांधाच्या आडोशाला, काही ओळी तेवढ्या हिरव्या निघाल्या. त्यातही मधे मधे मेलेल्या वेली होत्याच.

घरी येऊन त्यानं चाकू टेबलावर ठेवला.

“सगळी उपटून टाकतो,” तो बायकोला म्हणाला. “जमीन विकून तुलूझला जाऊ. कारखान्यात काम मिळेल.”

“बांधाजवळच्या जिवंत आहेत ना?”

“त्यांची काय बाग म्हणायची? तोंडातले चार दात.”

बायको काही बोलली नाही. मार्च आला आणि छाटणीचे दिवस निघून गेले. त्यानं कात्रीला हात लावला नाही.

एप्रिलमध्ये बायकोची मावशी आली. ती पोरवयात खोरं सोडून पॅरिसला गेली होती. तिथं तिनं जन्मभर लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली. आता ती सत्तरीला आली होती. डोळे शाबूत होते, गुडघे मात्र कुरकुरत होते.

“पॅरिसमधे जो तो मला सांगतो, अहो तुमचा मुलूख काय सुंदर! आणि मी बापडी मान डोलावते,” ती म्हणाली. “मी पाहिलंय काय? आमचा गोठा आणि स्टेशन. मला सगळं दाखव बाबा.”

बागायतदारानं तरी कुठं पाहिलं होतं? बाग सोडून तो कधी हललाच नव्हता. पण आता बागेत काम नव्हतं आणि मालाची जुनी मोटार दारात उभी होती. बायकोनं पाव, चीज आणि उकडलेली अंडी बांधून दिली.

पहिल्या दिवशी ती दोघं नदीच्या खालच्या बाजूला बोनागिलचा किल्ला बघायला गेली. रानात, एका खडकाच्या नाकाडावर तो अचानक उभा राहतो. बेराँजे द रोकफय नावाच्या सरदारानं पंधराव्या शतकाच्या अखेरीस तो बांधायला घेतला आणि सुमारे चाळीस वर्षं तो बांधतच होता. तेरा बुरूज, खंदक, झुलता पूल, आणि तोफा नुकत्या आल्या होत्या म्हणून तोफांसाठी झरोके. जिथून म्हणून शत्रू येऊ शकतो, तिथं काहीतरी केलेलं होतं. पुढं फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात त्याची मोडतोड झाली, तरी मूळचा आराखडा डोळ्यांना कळतो.

बागायतदार हरखून गेला. तो भिंतीच्या कडेकडेनं फिरला. दोन दगडांच्या सांध्यावरून त्यानं अंगठा फिरवून पाहिला.

“मावशी, याला म्हणतात काम. कुठं फट म्हणून नाही.”

मावशी दारातल्या बाकावर बसली होती. तिनं राखणदाराला विचारलं, “कितीदा हल्ला झाला हो यावर?”

“एकदाही नाही, बाई.”

“एकदाही नाही? मग चाळीस वर्षं आत काय करत होते?”

“बांधत होते,” राखणदार म्हणाला.

मावशी खूप वेळ हसली. बागायतदाराला हसू आलं नाही. परत येताना तो गप्पच होता.

दुसऱ्या दिवशी ती काओर ओलांडून नदीच्या वरच्या अंगाला गेली. तिकडं सँ-सिर्क-लापोपी नावाचं गाव उभ्या कड्यावर आहे. कड्यावर किल्ला होता. तो राजांनी पाडला. गावात कातारी होते. बॉक्सवूडचं घट्ट, पिवळसर लाकूड कातून ते पिंपांच्या तोट्या करत. तो धंदाही बसला. पॅरिसच्या आंद्रे ब्रेतों नावाच्या कवीनं तिथं घर घेतल्याला तेव्हा पाचेक वर्षं झाली होती. दर उन्हाळ्यात तो येऊन राहायचा. किल्ल्याच्या उरलेल्या जोत्यावर उभं राहिलं की खाली नदी, पलीकडं शेतं आणि पॉप्लरच्या रांगा दिसतात. मावशीनं पोटभर बघून घेतलं आणि अंडी सोलायला घेतली.

गावाखाली नदीकाठच्या कड्यातच एक वाट कोरलेली आहे. ती होड्या ओढणाऱ्यांची. काळी वाइन भरलेली पिंपं सपाट बुडाच्या होड्यांतून खाली बोर्दोला जात. मोठा काळ बोर्दोचे व्यापारी आपली वाइन विकून होईपर्यंत वरच्या खोऱ्यातली वाइन बाजारात येऊच देत नसत. 1776 साली ती अडवणूक कायद्यानं उठली. येताना होड्या प्रवाहाविरुद्ध दोर लावून ओढाव्या लागत. जिथं काठाला पाय ठेवायला जागा नव्हती, तिथं एकोणिसाव्या शतकात खडक आतून खोदून हा रस्ता केला. डोक्यावर खडक, डाव्या-उजव्या हाताला खडक आणि पाणी. रस्ता झाला आणि थोड्याच दशकांत रेल्वे आली. आज तिथं भिंतीवर एक लांबलचक कोरीव शिल्प दिसतं, पण ते पुष्कळ नंतरचं आहे. या दोघांनी पाहिला तो नुसता दगड.

“सगळं संपलेलं दाखवतोय मी तुम्हाला,” बागायतदार म्हणाला. “किल्ला गेला, तोट्या गेल्या, होड्या गेल्या.”

“वाट चांगली आहे रे,” मावशी म्हणाली. “सपाट आहे. माझे गुडघे दुखले नाहीत.”

त्याच दुपारी ती पेश मेर्लच्या गुहेत उतरली. 1922 साली दोन पोरसवदा मुलं सरपटत, चिखलात माखत या गुहेत शिरली होती आणि आतली चित्रं त्यांनी पाहिली होती. गावचे पाद्री लमोझी यांना जुन्या वस्तूंचा नाद होता, त्यांनीच मुलांना ही गोडी लावली होती. आता पायऱ्या होत्या आणि दिवा घेतलेला वाटाड्या होता. आत गारवा होता. कुठंतरी पाणी ठिबकत होतं.

बरंच चालल्यावर वाटाड्या एका मोठ्या, सपाट दगडासमोर थांबला. दगडावर दोन घोडे होते. एकाचं तोंड इकडं, दुसऱ्याचं तिकडं, मागची अंगं एकमेकांत गेलेली. अंगभर काळे ठिपके. ठिपके घोड्याच्या अंगावरच थांबले नव्हते, बाहेरही सांडले होते. भोवती माणसांच्या हातांचे ठसे होते: हात दगडावर टेकवून वर काळा रंग फुंकलेला, त्यामुळे हाताची जागा कोरी राहिलेली. ही चित्रं सुमारे 29,000 वर्षांपूर्वीची असं आता मानतात. तेव्हा एवढंच म्हणत की फार जुनी आहेत.

बागायतदारानं उजव्या घोड्याकडं निरखून पाहिलं. नजर तयार होती त्याची. ओळीतली एक वेल बोटभर सरकली तरी त्याला कळे.

“डोकं फसलंय,” तो म्हणाला. “एवढ्या मोठ्या घोड्याला एवढंसं डोकं?”

वाटाड्याला हे नवीन नसावं. तो काही न बोलता दोन पावलं बाजूला गेला आणि त्यानं दिवा दगडाच्या मागच्या बाजूनं धरला. दगडाची कड उजळली. ती कड मुळातच तशी होती: वर कपाळ, मग उतरती नाकाडाची रेघ, मग ओठ. अख्खं घोड्याचं डोकं, दगडानंच दिलेलं. रंगवणाऱ्यानं ते पाहिलं होतं आणि त्याच्या आत नुसती खूण करून तो पुढं गेला होता.

“म्हणजे यानं पुरं केलंच नाही?” बागायतदारानं विचारलं.

“जेवढं लागत होतं तेवढं केलं,” वाटाड्या म्हणाला.

मावशीनं आपला हात वर केला आणि दगडाला न टेकवता, लांबूनच, एका कोऱ्या हाताच्या मापाला लावून पाहिला. मग ती म्हणाली, “चला, मला थंडी वाजतेय.”

तिसरा दिवस काओरचा होता. सकाळी ती सँ-सिरच्या टेकडीवर गेली. तिथून अख्खं शहर एका नजरेत येतं. नदी तीन बाजूंनी शहराला वळसा घालते, चौथ्या बाजूला तेवढी जमीन. कथीड्रलचे दोन घुमट दिसतात. पश्चिमेला वालाँत्रे पूल दिसतो. मावशीला तिथून चालत जायचं होतं, पण गुडघ्यांनी नकार दिला. मोटारीनंच ती पुलापाशी उतरली.

वालाँत्रे पुलाचा पहिला दगड 1308 साली बसला. काम पुरं व्हायला साठ-सत्तर वर्षं लागली. सहा मोठ्या टोकदार कमानी, वर तीन चौकोनी मनोरे. मधल्या मनोऱ्याला सैतानाचा मनोरा म्हणतात. मावशीनं त्याच्या पायथ्याशी उभं राहून बोट वर केलं.

“तो बघ. कोपऱ्यात लटकलाय.”

वरच्या टोकाला, दोन दगडांच्या फटीत बोटं खुपसून, एक छोटा दगडी सैतान मनोऱ्याचा दगड ओढत होता.

“गोष्ट माहितीये ना?”

“लहानपणी ऐकलेली. विसरलो.”

मग मावशीनं सांगितली. पूल काही केल्या होईना, तेव्हा मुख्य गवंड्यानं सैतानाशी करार केला. सैतानानं सांगेल ते काम करायचं. एकही काम न चुकता पूल पुरा झाला, तर गवंड्याचा आत्मा त्याचा. सैतानानं दगड वाहिले, चुना कालवला. पूल भराभर वर आला. शेवटचे थोडे दगड राहिले तेव्हा गवंड्याला घाम फुटला. त्यानं सैतानाच्या हातात चाळण दिली आणि म्हणाला, कामगारांना तहान लागलीय, हिच्यातून पाणी घेऊन ये. सैतान नदीवर गेला, वर आला, पुन्हा गेला, पुन्हा आला. चाळण रिकामीच. तो हरला. पण जाताना म्हणाला, तुझा पूल मी पुरा होऊ देणार नाही. त्या रात्री मधल्या मनोऱ्याच्या कोपऱ्यातला दगड निखळला. गवंड्यानं सकाळी बसवला. रात्री पुन्हा निखळला. सकाळी पुन्हा बसवला.

“रोज?”

“रोज.”

“गवंड्याला कंटाळा नाही आला? तोच दगड?”

“मी आयुष्यभर त्याच कॉलरींना इस्त्री केली बाबा,” मावशी म्हणाली. “आठ दिवसांनी मळून परत यायच्या. तेवढ्यात ती माणसं लग्नाला जाऊन आलेली असायची, नोकरीला लागलेली असायची. कंटाळा कशाचा?”

बागायतदार वर बघत राहिला. “आणि शेवटी बसला का दगड?”

“1879 ला. पॉल गू नावाचा वास्तुकार डागडुजीला आला होता. त्यानं नवा दगड बसवला आणि त्यावर हा सैतान कोरून घेतला. म्हणजे वरून येणाऱ्या बाकीच्या सैतानांना वाटावं, आपला माणूस कामावर आहे.”

“म्हणजे पाचशे वर्षं हा कोपरा मोडका होता?”

“असेल.”

“आणि लोकांना चाललं?”

मावशीनं त्याच्याकडं बघितलं. “माझी आजी दर बाजाराला याच पुलावरून जायची. तेव्हा तो दगड नव्हता. मी तिला विचारलं होतं, आजी, वरचा कोपरा दिसायचा का गं तुला? ती म्हणाली, एका हातात कोंबड्या, दुसऱ्या हातात अंडी. वर बघायला सवड कुणाला होती?”

पुलावरून माणसं जात होती. एक सायकलवाला गेला. एक बाई पोराला ओढत गेली. कुणी मान वर केली नाही. मावशीही चालायला लागली, कठड्याला हात लावून, सावकाश. बागायतदार तिच्यामागून निघाला. पुलाच्या मध्यावर तो पुन्हा एकदा थांबून वर बघणार होता, पण मावशी पुढं गेली होती आणि तिच्या गुडघ्यांचा भरवसा नव्हता. त्यानं पाय उचलला.

चौथ्या दिवशी मावशी पॅरिसच्या गाडीत बसली. स्टेशनवरून आल्यावर बागायतदारानं कपडे बदलले नाहीत. तो कात्री घेऊन थेट वरच्या तुकड्यात गेला. छाटणीला फार उशीर झाला होता. बांधाजवळच्या पहिल्या वेलीची काडी त्यानं दोन डोळ्यांवर कापली. कापलेल्या तोंडाशी पाण्याचा एक थेंब जमला, फुगला आणि ठिबकला. लगेच त्यामागून दुसरा आला. मुळं काम करत होती. त्यांना कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. मेलेली वेल आली की तो तिला वळसा घालून पुढच्या वेलीकडं जाई. अंधार पडेपर्यंत तो चार ओळी पुढं सरकला होता.

या गोष्टीतला सैतान पुलाचा शत्रू आहे असं सगळे समजतात. मला तसं वाटत नाही. एक दगड गेल्यानं पूल पडत नाही, हे सैतानालाही कळत असणार. तेवढी गणितं त्याला येतात. त्याचा डाव माणसावर होता. माणूस त्या रिकाम्या कोपऱ्याकडं बघत खालीच उभा राहावा, एवढंच त्याला हवं होतं. गवंडी रोज दगड बसवत राहिला आणि त्याच वेळी खालून बाजार चालत राहिला, तिथं सैतान दुसऱ्यांदा हरला. चाळणीतल्या हरण्याची गोष्ट झाली. या दुसऱ्या हरण्याची कुणी सांगत नाही.

त्या वर्षी बागायतदाराची सगळी वाइन एका पिंपात मावली. सुगीला माणसं लावावी लागली नाहीत; नवरा-बायको दोघांनीच घड उतरवले. खालची मेलेली बाग त्यानं टप्प्याटप्प्यानं उपटली, एकदम नाही.

खोऱ्यात हळूहळू लागवड पुन्हा सुरू झाली. पार्नाक गावात शेतकऱ्यांची सहकारी वाइनरी 1947 पासून होती, तिनं माल्बेकच्या लागवडीचा नेट धरला. पुढं 1971 साली काओरच्या वाइनला सरकारी नाममुद्रा मिळाली. त्यात निदान 70 टक्के माल्बेक असावी असा नियम झाला.

पण ते पुढचं. थंडीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात शेजारपाजारचे लोक बागायतदाराकडं येऊ लागले. कलमं बांधायला जिवंत काड्या हव्या होत्या आणि तग धरलेली माल्बेक त्या वळशात फक्त याच्याकडं होती. छाटणी करता करता तो चांगल्या काड्या वेगळ्या काढी, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, गच्च डोळ्यांच्या. त्यांच्या जुड्या बांधून ओल्या पोत्यात गुंडाळी आणि येईल त्याला देई.

“सगळ्या वाटून टाकल्यास,” बायको म्हणाली. “आपले नांगे कधी भरायचे?”

“काही यंदा,” तो म्हणाला, “उरलेले पुढल्या वर्षी. ते पोतं जरा ओलं कर, खालच्या गावाहून दोघं यायचेत.”